जुना भारी कॅमेरा आणि नवा खिशातला कॅमेरा

(माहिती साहाय्यक व छायाचित्रकार यांच्या उजळणी वर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



प्रसिद्धी कार्यालयात एक पोलादी कपाट असते आणि त्या कपाटात पुष्कळदा एक जड कॅमेरा असतो. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी तो मोठ्या हौसेने खरेदी केलेला असतो. जडसंग्रह नोंदवहीत त्याची रीतसर नोंद असते व कपाटाची किल्ली ठरावीक माणसापाशी असते. पुढे केव्हातरी नवा अधिकारी येतो, नोंदवही चाळतो आणि ‘बारा मेगापिक्सेल’ हे शब्द वाचून थबकतो. त्याच्या खिशातील मोबाइलवर पन्नास मेगापिक्सेल असे छापलेले असते. मग कॅमेरा कालबाह्य झाल्याचा शेरा पडतो आणि निर्लेखनाचा प्रस्ताव तयार होतो.

याच्या नेमके उलट चित्रही दिसते. एखाद्या कार्यालयात जुना मोठा कॅमेरा मानाच्या पालखीसारखा मिरवला जातो, आणि तालुक्याच्या माहिती साहाय्यकाला दिलेला छोटा कॅमेरा मात्र पोराबाळांचे खेळणे समजून टेबलाच्या खणात पडून राहतो. पहिल्या कार्यालयाने यंत्राची पारख छापील आकड्यावरून केली, दुसऱ्याने आकारमानावरून. कॅमेऱ्याचे काम प्रकाश गोळा करण्याचे व तो नेमक्या क्षणी गोळा करण्याचे आहे, हे दोन्हीकडे विसरले गेले. प्रसिद्धीच्या कामात चित्र हे नुसते शोभेचे नसते. पुरात पडलेल्या घराचे, विधानसभेतल्या शपथविधीचे किंवा एखाद्या वृद्ध लोककलाकाराच्या सत्काराचे चित्र म्हणजे शासनाच्या दप्तरातील नोंदच होय. तो प्रसंग पुन्हा घडवून आणता येत नाही. म्हणून कोणते यंत्र कोठे न्यावे हा प्रश्न आवडीनिवडीवर सोडण्यासारखा नाही.

दोन ठोस यंत्रे समोर ठेवल्यावाचून ही चर्चा हवेत राहील. मोठ्या कॅमेऱ्यांपैकी निकॉनचा डी ३ आणि लहानांपैकी सोनीच्या आरएक्स १०० मालिकेतील तिसरा कॅमेरा, अशी जोडी येथे घेतली आहे. डी ३ ची घोषणा ऑगस्ट २००७ मध्ये झाली. सोनीचा हा कॅमेरा मे २०१४ मध्ये आला. म्हणजे ज्याला नवा म्हणावयाचे तोही आज तरुण राहिलेला नाही. पण दोहोंच्या जन्मात सात वर्षांचे अंतर आहे आणि तुलनेला तेच महत्त्वाचे. ही जोडी घेण्याचे आणखी एक कारण आहे. सोनीची लेन्स बॉडीपासून निघत नाही. जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या हिशेबात तिचा पल्ला २४ ते ७० मिलिमीटर इतका भरतो. निकॉननेही डी ३ बरोबरच २४ ते ७० मिलिमीटरची एफ २.८ लेन्स जाहीर केली होती. दोघे एकाच पल्ल्यात काम करणारे असल्याने कोणावर अन्याय होण्याचे कारण नाही.

वजनाचा हिशेब प्रथम उरकून घेणे बरे. डी ३ ची बॉडी बॅटरीविना १,२४० ग्रॅमची, तिची वर सांगितलेली लेन्स ९०० ग्रॅमची. बॅटरी आणि कार्ड घातल्यावर गळ्यात जे लटकते ते सुमारे सव्वादोन किलोंच्या पुढे जाते. सोनीचा कॅमेरा बॅटरी-कार्डासह २९० ग्रॅम. म्हणजे जवळपास आठपटींचा फरक. किमतीतही अंतर मोठे होते: अमेरिकेत डी ३ ची नुसती बॉडी ४,९९९ डॉलरना, तर सोनी सुमारे ८०० डॉलरना बाजारात आला.

डी ३ ला त्या काळी एवढे महत्त्व का मिळाले, हे आजच्या तरुण छायाचित्रकारांस सांगावे लागते. निकॉनचा पहिला स्वतंत्र घडणीचा व्यावसायिक डिजिटल कॅमेरा डी १ हा १९९९ मध्ये आला. त्याचे मेगापिक्सेल पावणेतीनच्या आसपास आणि आयएसओची कमाल नेहमीच्या वापरात १६०० होती. सभागृहात अंधार असला की छायाचित्रकार फ्लॅशवर विसंबून राही. आठ वर्षांनी आलेल्या डी ३ मध्ये प्रथमच त्या कंपनीने ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढा, म्हणजे ३६ बाय २३.९ मिलिमीटरचा सेन्सर बसविला आणि आयएसओ ६४०० पर्यंत नेला. ओढूनताणून तो २५,६०० पर्यंतही जाई. रात्रीचे खेळ, मंद उजेडातले नाटक, मेणबत्त्यांच्या प्रकाशातील प्रार्थना ही चित्रे फ्लॅशविना टिपता येऊ लागली. हा बदल ज्यांनी त्या वेळी अनुभवला, त्यांचे या यंत्रावर अजून प्रेम आहे ते उगाच नव्हे.

आता मुख्य मुद्दा. पाऊस पडत असताना अंगणात एक परात आणि एक वाटी ठेवली, तर परातीत अधिक पाणी साचणार हे लहान मूलही सांगेल. सेन्सर हे प्रकाशाचे भांडे आहे. डी ३ च्या सेन्सरचे क्षेत्रफळ सुमारे ८६० चौरस मिलिमीटर. सोनीच्या एक इंची म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सेन्सरचे, १३.२ बाय ८.८ च्या हिशेबाने, सुमारे ११६. म्हणजे मोठे भांडे लहानाच्या सुमारे साडेसातपट. (‘एक इंची’ या नावाने कोणी फसू नये. ते नाव टेलिव्हिजन कॅमेऱ्यांच्या जुन्या नळ्यांवरून आलेले आहे. सेन्सरची कोणतीही बाजू एक इंच भरत नाही.) प्रकाशाचे कण पावसाच्या थेंबांसारखेच अनियमित पडतात. भांडे लहान आणि पाऊस थोडा असला, की शेजारशेजारच्या खणांत कमीअधिक थेंब पडल्याचे उघड दिसते. चित्रात हीच विषमता कुरकुरीत दाण्यांच्या रूपाने चेहऱ्यावर उतरते. त्यालाच छायाचित्रकार नॉईज म्हणतात.

येथे मेगापिक्सेलचा गैरसमज दूर करणे सोपे जाते. सोनीने आपल्या लहान भांड्यात दोन कोटी खण पाडले आहेत, निकॉनने मोठ्या भांड्यात एक कोटी वीस लाख. खण अधिक केल्याने भांड्यात पडणारा पाऊस वाढत नाही. आणि बारा मेगापिक्सेल कमी आहेत काय? पत्रिकेचे ए ४ आकाराचे पान तीनशे ठिपके प्रतिइंच या छपाईच्या मानाने पूर्ण भरावयास २,४८० बाय ३,५०८ ठिपके, म्हणजे सुमारे सत्याऐंशी लाख पिक्सेल लागतात. डी ३ ची चौकट ४,२५६ बाय २,८३२ ची आहे. उभ्या चित्राने पान भरून वर थोडी कातर करण्यासही जागा उरते. ज्या मुखपृष्ठासाठी त्या कॅमेऱ्याची खरेदी झाली, त्या मुखपृष्ठाची लांबीरुंदी मधल्या काळात वाढलेली नाही. निर्लेखनाच्या प्रस्तावावर सही करण्यापूर्वी हा एवढा गुणाकार करून पाहावयास हवा.

तथापि भांडे साडेसातपट मोठे म्हणून चित्रही साडेसातपट सरस, असे म्हणता येत नाही. मधल्या सात वर्षांत सेन्सर बनविणारे स्वस्थ बसले नव्हते. जुन्या सेन्सरमध्ये प्रकाशाच्या वाटेत तारांचे जाळे येई. सोनीच्या नव्या सेन्सरमध्ये हे जाळे मागील बाजूस नेले आहे, त्यामुळे पडलेल्या प्रकाशाचा अधिक भाग कामी येतो. फ्रान्समधील डीएक्सओमार्क या चाचणी संस्थेने दोन्ही सेन्सर मोजले आहेत. कमी उजेडातील कामगिरीचा जो आकडा ती संस्था देते, तो डी ३ साठी सुमारे २,३०० आणि सोनीसाठी सुमारे ५०० आहे. म्हणजे प्रत्यक्षातला फरक साडेसातपट नव्हे, तर साडेचारपटींच्या जरा पुढे. सात वर्षांच्या सुधारणेने लहान भांड्याला दीडपटीहून अधिक कार्यक्षम केले, असा या दोन आकड्यांचा अर्थ होतो. शिवाय सर्वांत खालच्या आयएसओवर, म्हणजे भर उजेडात, छायेपासून झळाळीपर्यंतचे टप्पे टिपण्याची दोघांची ताकद त्याच संस्थेच्या मोजणीत जवळपास सारखी ठरली आहे. दुपारच्या उन्हात काढलेली दोन चित्रे शेजारी ठेवली, तर कोणते कोणाचे हे ओळखणे जाणकारासही अवघड जाईल. उलट सोनीचे खण अधिक असल्याने इमारतीवरील कोरीवकाम त्यात अंमळ अधिक स्पष्ट दिसेल.

प्रकाश केवळ सेन्सरवर अवलंबून नाही; लेन्सचे ॲपर्चरही पाहावे लागते. निकॉनची लेन्स दोन्ही टोकांना एफ २.८. सोनीची मात्र रुंद टोकाला एफ १.८ आणि लांबच्या टोकाला एफ २.८ उघडते. एफ १.८ मधून एफ २.८ च्या सुमारे अडीचपट प्रकाश आत येतो. तेव्हा व्यासपीठाजवळ उभे राहून रुंद चौकटीचे चित्र घेतले, तर मोठ्या कॅमेऱ्याची साडेचारपट आघाडी दुपटीच्या आत येते. आयएसओच्या भाषेत हा फरक एका पायरीचाही नाही. तेच लांबचे टोक वापरले, की आघाडी पूर्ववत साडेचारपट होते. म्हणून ‘कमी उजेडात कोणता चांगला?’ हा प्रश्न अर्धवट आहे. छायाचित्रकार कोठे उभा राहणार आहे, हे ठाऊक झाल्यावरच त्याला उत्तर देता येते.

आता सत्कार समारंभाचे उदाहरण घ्यावे. प्रसिद्धी खात्याची निम्मी चित्रे याच प्रकारची असतात. पाहुणे शाल देत आहेत, सत्कारमूर्ती किंचित वाकले आहेत, मागे सचिव उभे आहेत. तिघांचेही चेहरे स्पष्ट यावयास हवेत. नाहीतर दुसऱ्या दिवशी दूरध्वनी येतो. छायाचित्रकार तीन मीटरांवर आहे आणि त्याने ७० मिलिमीटरचे टोक लावले आहे. डी ३ वर एफ २.८ ठेवल्यास स्पष्ट दिसणाऱ्या पट्ट्याची खोली सुमारे तीस सेंटिमीटर, म्हणजे शाळेतल्या एका फूटपट्टीएवढी मिळते. पाहुणे स्पष्ट आले, तर सचिव धूसर होतात. सोनीवर त्याच एफ २.८ ला ही खोली पंच्याऐंशी सेंटिमीटरांच्या आसपास भरते, आणि तिघेही त्यात सामावतात. मोठ्या कॅमेऱ्यावर तेवढी खोली हवी असेल, तर ॲपर्चर एफ ८ पर्यंत मिटावे लागते. मिटले की प्रकाश साडेसात-आठपटींनी घटतो आणि परातीचा सारा लाभ तेथेच संपतो. सेन्सरच्या नवेपणामुळे लहान कॅमेरा उलट थोडा पुढेच जातो.

ही गोष्ट पुष्कळ अनुभवी छायाचित्रकारांस पटत नाही. मोठ्या कॅमेऱ्याने काढलेली त्यांची समारंभाची चित्रे उत्तम आलेली असतात, आणि ते खोटे नव्हे. पण त्याचे श्रेय बहुधा फ्लॅशला असते. डी ३ च्या माथ्यावर मोठा फ्लॅश बसविता येतो व त्याचे तोंड पांढऱ्या छताकडे वळविता येते. छतावरून परतलेला मऊ प्रकाश तिघांवर सारखा पडतो, एफ ८ सहज परवडतो आणि शालीचा पोतही उठून दिसतो. सोनीच्या या कॅमेऱ्यावर बाहेरचा फ्लॅश बसविण्याची सोयच नाही. त्याच मालिकेतील आधीच्या कॅमेऱ्यावर ती होती, पण या वेळी तेथे उघडझाप होणारा व्ह्यूफाइंडर आला आणि ती जागा गेली. आतला चिमुकला फ्लॅश समोरून मारला की कपाळे चमकतात व मागील पडद्यावर सावल्या उमटतात. सभागृहाचे छत पांढरे व बुटके असेल, तर मोठा कॅमेरा फ्लॅशसह न्यावा. छत उंच व काळे असेल, तर त्याचा भार वाहण्यात अर्थ थोडाच.

उघड्यावर, भर दुपारी, फ्लॅशची गोष्ट उलटते. वृक्षारोपण किंवा भूमिपूजन हटकून उन्हात असते आणि टोपीखालचा चेहरा काळा पडतो. तेव्हा थोडा फ्लॅश देऊन तो उजळावा लागतो. डी ३ चे पडद्याचे शटर नेहमीच्या रीतीने १/२५० सेकंदाच्या पुढे फ्लॅशशी जुळत नाही. सोनीचे शटर लेन्समध्येच पाकळ्यांसारखे उघडते व मिटते, म्हणून ते बरेच वेगाने फ्लॅशशी जुळते आणि चिमुकल्या फ्लॅशलाही उन्हाशी सामना करता येतो. अर्थात दोन-तीन मीटरांपर्यंतच. पुढे तो मिणमिणता दिवाच.

आतापर्यंत प्रकाशाचा विचार झाला. क्षणाचा विचार केला की जुना कॅमेरा पुन्हा तरुण होतो. शिगम्याच्या मिरवणुकीत रात्री रस्त्यावर रोमटामेळ चालला आहे, ढोल-ताशांच्या तालावर घोडेमोडणीचे नर्तक अंगावर येत आहेत, मध्येच निशाणे आडवी जात आहेत. अशा वेळी डी ३ चालू करताच सुमारे एक अष्टमांश सेकंदात तयार होतो आणि बटण दाबल्यापासून शटर उघडेपर्यंत सुमारे चार शतांश सेकंद लागतात. त्याच्या फोकसला एक्कावन्न बिंदू आहेत. आरशाखालील स्वतंत्र यंत्रणा प्रतिमेचे दोन भाग ताडून पाहते आणि लेन्स कोणत्या दिशेला व किती फिरवावयाची, हे तिला एकदाच कळते. सोनीच्या या कॅमेऱ्यात ती यंत्रणा नाही. तंबोरा जुळविणारा जसा खुंटी थोडी पिळतो, ऐकतो, पुढे गेली तर मागे घेतो, तसा तो लेन्स पुढेमागे करून स्पष्टतेचा नेमका बिंदू शोधतो. बसलेल्या माणसासाठी हे पुरेसे चपळ आहे. नाचत येणाऱ्या माणसासाठी नाही. कागदावर सोनीचा वेग सेकंदाला दहा चित्रे व निकॉनचा नऊ असा लिहिलेला आढळेल. पण सोनी ती दहा चित्रे पहिल्या चित्राच्या फोकसवरच घेतो. नर्तक दोन पावले पुढे आला की उरलेली नऊ चित्रे त्याच्या मागच्या रस्त्याची होतात.

अंतराचीही तीच कथा. विधानसभेच्या वा मोठ्या सभागृहाच्या मागील भागातून, जेथे पत्रकारांना उभे केले जाते तेथून, वक्त्याचा चेहरा टिपावयाचा तर २०० मिलिमीटरचे टोक हवे. डी ३ वर ७० ते २०० ची एफ २.८ लेन्स चढविता येते. सोनीची लेन्स ७० ला थांबते. पुढे चित्र कातरणे एवढाच मार्ग, आणि कातरताना पिक्सेल व प्रकाश दोन्ही गमवावे लागतात. या मालिकेचा २०१९ मधील सातवा कॅमेरा २०० मिलिमीटरपर्यंत पोहोचतो खरा. परंतु त्यासाठी लेन्सचे ॲपर्चर रुंद टोकाला एफ २.८ व लांबच्या टोकाला एफ ४.५ असे अरुंद झाले आहे. लांबी मिळाली, उजेड गेला.

या सर्वांवरून जुना कॅमेरा हाच मुख्य व नवा दुय्यम असे कोणास वाटेल. पण एक साधी गोष्ट हिशेबात धरलेली नाही: कॅमेरा जवळ असणे. सत्तरी किंवा काणकोणसारख्या तालुक्यात फिरतीवर निघालेला माहिती साहाय्यक बसने प्रवास करतो, हातात फायली असतात, पावसाळ्यात छत्री असते. सव्वादोन किलोंचे यंत्र, वर दुसरी लेन्स आणि फ्लॅश घेऊन तो दररोज जाईल अशी अपेक्षा धरणे हे कार्यालयात बसून करावयाचे काम आहे. प्रत्यक्षात यंत्र कपाटात राहते. मग वाटेत दरड कोसळलेली दिसते, शाळेचे छप्पर उडालेले दिसते, एखादी म्हातारी कुणबी साडीचे जुने लुगडे उन्हात वाळत घालताना दिसते. आणि चित्र घेतलेच जात नाही. दप्तरात जे नाही ते कोणत्याही सेन्सरने भरून निघत नाही. २९० ग्रॅमचा कॅमेरा शबनम पिशवीच्या कोपऱ्यात वर्षभर राहू शकतो.

लहानपणाचा दुसरा गुण माणसांच्या वागण्यात दिसतो. मोठी लेन्स रोखली की खेड्यातील माणूस पदर सावरतो, ताठ होतो, हसणे थांबवितो. लहान कॅमेऱ्यापुढे तो बोलत राहतो. गाण्याच्या मैफलीत डी ३ चा आरसा ‘खटक्’ करून उचलला गेला की पहिल्या रांगेतील श्रोते मान वळवितात. विलंबित ख्यालात तर तो अपराधच. सोनीचे शटर शेजारच्यालाही ऐकू येत नाही. याच्या उलट, बंदोबस्तातील पोलीस मोठ्या कॅमेऱ्याला पाहून वाट देतो आणि छोटा कॅमेरा असलेल्यास प्रेक्षकांत ढकलतो, हेही या वर्गातील अनेकांस माहीत असेल. त्यावर ओळखपत्र ठळक लावणे हाच उपाय. त्यासाठी दोन किलो वजन गळ्यात बाळगण्याची गरज नाही.

चलच्चित्रणाबाबत वाद नाहीच. डी ३ मध्ये ती सोय मुळीच नाही. डीएसएलआर कॅमेऱ्यांत चलच्चित्रण आले ते २००८ पासून. सोनी पूर्ण एचडी चित्रण करतो आणि बिनतारी मार्गाने चित्र मोबाइलवर पाठवितो. प्रसिद्धिपत्रक कार्यक्रम संपण्याआधी निघू लागल्यापासून या सोयीला मोल आले आहे. मात्र येथे एक धोका आहे. मोबाइलवर उतरलेले लहान चित्र तसेच संदेशाद्वारे पुढे जाते, वाटेत आणखी दाबले जाते, आणि सहा महिन्यांनी स्मरणिकेसाठी शोध घेतला की तेच कुस्करलेले चित्र हाती येते. मूळ फाइल कार्डावरून केव्हाच पुसलेली असते. जुन्या कॅमेऱ्याच्या कार्डातून चित्रे संगणकावर उतरविण्यावाचून गत्यंतर नव्हते, म्हणून मूळ चित्रे आपोआप जपली गेली. त्या गैरसोयीने दप्तराचे भले केले, असे म्हणावयास हरकत नाही.

टिकाऊपणाविषयी. डी ३ च्या सांध्यांना धूळ-पाणी रोखणाऱ्या पट्ट्या आहेत आणि त्याची बॉडी मिश्रधातूची आहे. त्याच्या शटरची चाचणी तीन लाख वेळा उघडझाप करून झालेली आहे. रोज शंभर चित्रे, वर्षातील तीनशे दिवस, अशी दहा वर्षे काढल्यावर हा आकडा पुरा होतो. म्हणून जुना कॅमेरा चालू ठेवावा की नाही, हे त्याच्या वयावरून ठरवू नये. शटरची गणना चित्राच्या फाइलमध्येच लिहिलेली असते; संगणकावर ती वाचता येते. जो कॅमेरा वर्षातून चार समारंभांनाच बाहेर पडला, त्याचे आयुष्य पुष्कळ शिल्लक असणार. खरी अडचण इतरत्र येते. एका भारात चार हजारांहून अधिक चित्रे देणारी त्याची बॅटरी जुनी झाल्यावर पूर्वीसारखी टिकत नाही. उत्पादन थांबलेल्या यंत्राचे सुटे भाग दुर्मीळ होत जातात. त्याची कॉम्पॅक्टफ्लॅश कार्डे वाचणारे साधन नव्या संगणकासोबत येत नाही. सेन्सरवरील धूळ झटकण्याची आपोआप सोयही डी ३ ला नाही. ती २००९ मधील डी ३ एस ला मिळाली. आकाशात काळे ठिपके दिसू लागले की सेन्सर स्वच्छ करवून घ्यावा लागतो.

लहान कॅमेऱ्याची दुखणी वेगळी. त्याची लेन्स दर वेळी बाहेर येते व आत जाते, आणि येताजाता दमट हवा व बारीक रेती आत ओढते. समुद्रकिनाऱ्यावर लेन्स अडकण्याचे कारण बहुधा रेतीचा एखादा कण असतो. लेन्स निघत नसल्याने दुरुस्ती म्हणजे सारे यंत्र खोलणे आले. एका बॅटरीवर सुमारे ३२० चित्रे मिळतात. व्ह्यूफाइंडर वापरल्यास त्याहून कमी. फिरतीवर जाणाऱ्यास दुसरी बॅटरी मंजूर करताना लेखा शाखेने कुरकुर करू नये. भर उन्हात मागील पडदा दिसेनासा होतो, तेव्हा तो उघडझाप होणारा व्ह्यूफाइंडरच उपयोगी पडतो. तो आहे हेच कित्येकांना वर्षभर कळत नाही, ही वेगळी गोष्ट.

बाजाराची स्थितीही ध्यानात घ्यावयास हवी. २०१० मध्ये जपानी कंपन्यांनी जगभर बारा कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे पाठविले. २०२३ मध्ये ही संख्या एक कोटीच्याही खाली होती. मधली जागा मोबाइलने घेतली आणि साधे छोटे कॅमेरे त्यातच वाहून गेले. मोठ्या सेन्सरचे मोजके छोटे कॅमेरे तेवढे तगून राहिले. दुसऱ्या बाजूला आरशाचे व्यावसायिक कॅमेरेही मावळतीला लागले आहेत: कॅननचा व निकॉनचा त्या जातीचा शेवटचा अग्रगण्य कॅमेरा २०२० मध्ये आला आणि त्यानंतर आरसाविरहित कॅमेऱ्यांनी ती जागा घेतली. थोडक्यात, कपाटातील दोन्ही यंत्रांच्या जागी तशीच नवी यंत्रे सहज मिळतील अशी आशा बाळगता येत नाही. निर्लेखन करणे सोपे असते. तेवढ्याच ताकदीची नवी बॉडी व लेन्स यांची मंजुरी मिळविण्यास किती पत्रव्यवहार लागतो, हे सांगावयास नको.

जिल्हा कार्यालयांनी आपल्या कार्यक्रमपत्रिकेवरच कॅमेऱ्याची नोंद करण्याची प्रथा पाडल्यास सोयीचे होईल. मिरवणूक, क्रीडा, सभागृहाच्या मागून घ्यावयाची भाषणे आणि बुटक्या पांढऱ्या छताखालील समारंभ यांसाठी जुना कॅमेरा राखून ठेवावा. फिरती, पाहणी, उन्हातील उद्घाटने, संगीताच्या बैठका, मुलाखती व चलच्चित्रण यांसाठी लहान कॅमेरा द्यावा. दोन्हींच्या घड्याळांत दिनांक व वेळ सारखी लावलेली असावी. नाहीतर एकाच समारंभाची चित्रे दप्तरात दोन वेगळ्या दिवसांखाली जातात. राहता राहिले ते पोलादी कपाट. पावसाळ्यात बंद कपाटातील दमट हवेने लेन्सच्या आत बुरशीचे जाळे धरते, आणि एकदा ते काचेवर रुतले की पुसून जात नाही. हवाबंद डबा व त्यात सिलिका जेल एवढा खर्च कोणत्याही कार्यालयास झेपण्यासारखा आहे. निळे खडे गुलाबी पडले की ते बदलावेत. जून ते सप्टेंबर या काळात ही पाहणी दर आठवड्यास करावी, आणि ज्याच्याकडे किल्ली आहे त्याने रजेवर जाताना ती दुसऱ्याकडे देऊन जावे.